दुपारची अरुंधती

भाचीच्या लग्नात गुरुजी म्हणाले, "आता वधूला अरुंधती दाखवा." भर दुपारी नवऱ्यामुलाने कार्यालयाच्या पंख्याकडे बोट केलं.

"दिसली?"

"दिसली," भाची म्हणाली. सगळे हसले. मला मात्र जेवण गेलं नाही. तीस वर्षांपूर्वी मीही असंच म्हटलं होतं.

संध्याकाळी अंधार पडल्यावर गच्चीत गेले. सप्तर्षींत वसिष्ठ लगेच सापडला. त्याला चिकटून ती, इतकी बारीक, की टक लावून पाहिलं तर विरते आणि नजर जरा हलवली की परत येते. निष्ठेचा नमुना म्हणून आपल्या लोकांना हीच सापडावी?

"काय शोधतेस?" मागून नवऱ्याने विचारलं.

"तुम्ही दाखवलेली अरुंधती. मला तेव्हा दिसलीच नव्हती."

"मला तरी कुठे दिसली होती?"

खोटं फक्त मीच बोलले, असं तीस वर्षं मनात धरून बसले होते मी.