संत्र्याच्या वासाची वही

जानेवारीच्या शेवटी भाऊजींना भेटलो, तेव्हा ही भेट शेवटची ठरेल असं काहीच वाटलं नव्हतं. गोंदियाजवळच्या फुलचूरच्या घरातल्या मागच्या खोलीत ते पाटावर बसून बाटल्यांना झाकणं लावत होते आणि दर दोन झाकणांमागे खोकत होते. मी म्हटलं, "डॉक्टरांकडे जाऊन आलात का?" एक बाटली उजेडात धरून ते म्हणाले, "मास्तर, पंधरा दिवसानं ये. यंदा संत्रा येतेच." मी हो म्हटलं, आणि गेलो नाही. नातवाची परीक्षा, घराचा रंग, माझा नेहमीचा आळस… कारणं शोधायला गेलं की हवी तितकी सापडतात. महिन्याभरानं सकाळी ताईचा फोन आला. "तुहे भाऊजी गेले रे," एवढंच ती बोलू शकली.

टेकचंदभाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. गोंदियाच्या एका राइस मिलमध्ये त्यांनी तीसएक वर्षं देखरेखीचं काम केलं. त्या धुळीनं पुढे त्यांची छाती खाल्ली, पण त्याआधी खाल्लं ते नाक. वास म्हणून त्यांना काही येतच नसे. तांदळाची जात ते दाताखाली दाणा फोडून सांगायचे, आणि ती कधी चुकली नाही. घरात दूध करपून काळं झालं तरी हे शेजारी बसून पेपर वाचत. ताई म्हणायची, "नाक निस्तं शोभेले ठेवलं हाये."

दोन हजार दहाच्या उन्हाळ्यात दोघं मुलीकडे अमेरिकेला गेले. तिथे जावई हौसेनं घरीच बीअर बनवायचे. एका संध्याकाळी ग्लास फिरले, आणि ज्यानं त्यानं वास घेऊन सांगितलं, की संत्र्याचा वास येतो. भाऊजींना नुसतं कडू लागलं. ताई पिणाऱ्यांतली नाही. आमच्या वडिलांना मोहाच्या दारूनं नेलं, तेव्हापासून तिनं थेंब ओठाला लावलेला नाही. तिनंही कुतूहलानं ग्लास नाकाशी धरला आणि म्हणाली, "खरंच जी, कोनी बाजूले संत्रा सोलून ऱ्हायला असं वाटते." जावयानं सांगितलं की यात संत्र्याचा थेंबही नाही. हा वास हॉप्सचा. हॉप्स म्हणजे एका वेलीची फुलं. बीअरचा कडूपणा त्यांचा आणि वासही त्यांचाच. सुकवून, दाबून त्यांच्या हिरव्या गोळ्या करतात, कोंबडीच्या खाद्यासारख्या.

हे भाऊजींच्या डोक्यात जे बसलं ते बसलंच. येताना बॅगेत कपडे कमी आणि वेगवेगळ्या जातींच्या हॉप्सची पाकिटं जास्त. मी विचारलं, "तुम्हाला वास येत नाही, मग हा उद्योग कशाला?" ते म्हणाले, "म्हनूनच तं. साऱ्याइले जे येते ते मले येत नाई. मंग ते हाये, हे मी कसं मानू? मी बनवतो. दुसऱ्याच्या नाकात संत्रा घालून दाखवला, तं मानीन." या उद्योगाला कायद्याची परवानगी होती का, हे कृपा करून मला विचारू नका. आता माणूसच राहिला नाही, म्हणून लिहितो आहे.

बीअरसाठी जव भिजवून मोड आणणं, वाळवणं, भरडणं, हे मिलवाल्या माणसाच्या हातचा मळ. अडचण होती ती आमच्या उन्हाची. हे काम फक्त डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत नीट व्हायचं, म्हणजे वर्षाला एकच डाव. पहिल्या वर्षी त्यांनी हॉप्स दीड तास उकळले. बाटल्या तयार झाल्यावर येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नाकाखाली ग्लास धरायचा आणि तो म्हणेल ते वहीत उतरवायचं, असा नियम होता. ती वही आत्ता माझ्यासमोर आहे. 'शेजारी: कडुलिंब. दूधवाला: गुरांचं ओलं तणस. मास्तर: खोकल्याचं औषध.' शेवटची ओळ नेहमी ताईची. बायकोचं नाव लिहायचा त्यांना संकोच, म्हणून 'घरचं मत'. त्या वर्षी घरचं मत होतं, 'वास नाही, नुसता कडू'.

भाऊजींनी निदान केलं की जात चुकली. हे निदान धानाच्या मुलखातल्या माणसाचंच. आमच्याकडे वास हा जातीचा गुण. चिन्नोर तांदूळ कितीही शिजवा, वास जात नाही, उलट शिजला की गल्लीभर दरवळतो. तेव्हा वास येत नाही म्हणजे बियाणंच खोटं. दुसऱ्या वर्षी त्यांनी दुसरी जात घेतली आणि खात्री म्हणून दोन तास उकळली. घरचं मत: 'मागच्यापेक्षा कडू'. ते इतके हिरमुसले की दोन दिवस वहीला हात लावला नाही.

तिसऱ्या थंडीत पातेलं चुलीवर चढलं तेव्हा मी तिथेच होतो. जवाच्या पाण्याला आधण येताच भाऊजींनी पाकीट कापलं, आणि ताई स्वयंपाकघरातून ओरडली, "थांबा जी! त्याले आतापासून उकडून कायले ऱ्हायले?"

"काऊन? मंग कधी टाकू?"

"सांबार कधी टाकतेत भाजीत? उतरवल्यावर ना? आधीच टाकला तं वास ऱ्हायते का?"

आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. भाऊजींनी हातातलं पाकीट खाली ठेवलं. मग हसायला लागले, खोकला येईपर्यंत हसले. "चाळीस वर्षं हिच्या हातचं खाल्लं बे," मला म्हणाले, "आन अमेरिकेत जावयाले फोन करून ऱ्हायलो!" त्या वर्षी कडूपणापुरते चिमूटभर हॉप्स आधी, बाकीचे बहुतेक पातेलं उतरवल्यावर, आणि थोडे तर बीअर आंबून थंड झाल्यावर. घरचं मत: 'लिंबाचं पान. चुरगळलेलं.' त्या ओळीखाली भाऊजींनी तीन रेघा मारल्या आहेत.

तिथून खरी गंमत सुरू झाली, कारण आता जात निवडण्याला अर्थ होता. एका जातीला पपनसाची साल, एकीला कच्चा आंबा, एकीला कुणी चक्क देवदाराची पेटी म्हटलं. संत्रा मात्र हुलकावणी देत होता. ताईचं नाक म्हणजे शेवटचं कोर्ट. डोळे मिटून ती तीनदा हुंगायची, ग्लास खाली ठेवायची आणि निकाल द्यायची. तोंडदेखलं बोलणं तिच्या स्वभावात नाही. भाऊजी समोर बसून तिच्या तोंडाकडे बघत राहायचे. आमच्या घरातल्या पुरुषांच्या हातातला ग्लास बघून जिची छाती धडधडायची, ती माझी बहीण त्या दोन महिन्यांत नवऱ्याच्या ग्लासाची वाट बघायची. हे बघून मला फार बरं वाटायचं.

तेरवी झाल्यावर मी चार दिवस तिच्याजवळ राहिलो. एका दुपारी ती एकदम म्हणाली, "मी त्याइच्याशी खोटं बोलली रे."

मला काही कळेना. मग तिनं सांगितलं. यंदाची बाटली फोडली त्या दिवशी भाऊजींना धाप लागत होती. तरी त्यांनी दोन जाती मिसळून केलेली ती बीअर ओतून तिच्या हातात दिली. तिला होती सर्दी, नाक गच्च. कणभर वास आला नाही. "माह्या तोंडाकडे असे पाहून ऱ्हायले होते… मी म्हटलं, संत्रा हाये जी. लय खुश झाले. आठ दिवसानं गेले. जन्मात एक डाव तोंडदेखलं बोलली, आन तेच शेवटचं."

तीस वर्षं मुलांना भाषा शिकवली, आणि वेळेला एक वाक्य सुचेल तर शपथ. काहीतरी करायचं म्हणून मी फळीवरून वही काढली आणि शेवटचं पान उघडलं. मी मोठ्यानं वाचलं: "घरचं मत: संत्रा. सर्दी आहे. एक बाटली ठेवली. पुन्हा विचारणे."

ताईनं वही माझ्या हातून घेतली आणि स्वतः वाचली. पदरानं डोळे पुसले. मग उठली, फ्रिजच्या तळाशी, त्यांच्या नेहमीच्या जागी, भाजीमागे हात घालून बाटली काढली, त्यांचा ग्लास विसळला आणि मला म्हणाली, "खोल."

मी ओतलं. तिनं डोळे मिटले. एकदा, दोनदा, तीनदा. ग्लास खाली ठेवला, तो नेहमी ठेवायची तिथेच, त्यांच्या रिकाम्या पाटासमोर.

"संत्रा नाई," ती म्हणाली. "मोसंबी हाये. लय जवळ आले होते."

मी पेन शोधू लागलो. ती म्हणाली, "लिही. मोसंबी. आन खाली लिही, सर्दी गेली म्हनून."