अणदूरची ओळ

तुमच्या गावाचं नाव कचेरीतल्या यादीत आहे, एवढ्यावर तुम्ही समाधान मानता. पण ते नाव चालू आहे की बंद, हे तुम्ही कधी विचारलं आहे का?

ज्या माणसामुळे मला हा प्रश्न पडला, त्याला स्वतःला तो कधी पडला नाही. कुणी काही विचारायला आलं की तो आधी उजवा तळहात वर करायचा, चौकातल्या पोलिसासारखा. डाव्या हाताची दोन बोटं कीबोर्डवर चालायची. पडद्यावर हिरवी अक्षरं उमटायची. ती वाचून झाली की तळहात खाली यायचा आणि तो म्हणायचा, "फाइलीत असंच हाय." विषय संपला.

तोंडावर मी त्याला साहेब म्हणत असे. इथं 'तो' लिहिते आहे, आणि समजून लिहिते आहे.

धाराशिवमधल्या एका सहकारी दूध संघात मी टायपिस्ट होते. दुष्काळाचं सलग तिसरं वर्ष होतं. सभासदांच्या विहिरींचे तळ दिसत होते आणि संघानं नवीन संगणक घेतला होता. तो चालवायचं काम याच माणसाकडे होतं. यंत्राला उकाडा सोसत नाही म्हणून त्याच्या खोलीला थंड हवा. दाराबाहेर चपला काढाव्या लागत. खेड्यातून आलेले काही सभासद उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावत. मला लाज वाटे. त्याला वाटत नसे. उलट एकदा तो मला म्हणाला, "बाई, यंत्राला मान दिला तर यंत्र काम देतंय."

मी विचारलं, "आणि माणसाला मान दिला तर?"

"ते खातं माझ्याकडं न्हाय," तो म्हणाला. विनोद म्हणून नव्हे.

त्या संगणकाला बाहेरून तीन तारा येत होत्या: येडशी, जळकोट आणि अणदूर. या तीन संकलन केंद्रांवर एकेक पडदा आणि कीबोर्ड दिलेला होता. केंद्राचा कारकून रोज सकाळी किती दूध जमलं आणि गावाला किती कडबा हवा, ते तिथून पाठवायचा. अकरा वाजता आमच्याकडे यादी छापून निघे आणि त्या यादीप्रमाणे संघाच्या डेपोतून कडब्याचे ट्रक सुटत. कागदावर लिहिलेली मागणी घ्यायची नाही, हा नवा नियम. तो त्यानंच अध्यक्षांना सुचवला होता. "कागदावर कुणीबी कायबी लिहितंय. तारेनं आलं तरच आलं."

कोणती तार कुणाची, हे यंत्राला कसं कळतं, असं मी एकदा विचारलं. त्याचा चेहरा तेव्हा जसा उजळला, तसा मी पुन्हा कधी पाहिला नाही. त्यानं खुर्ची ओढून दिली. पडद्यावर एक साधी फाइल आणली. पत्रासारखीच लिहिलेली, कुणालाही वाचता यावी अशी. एका तारेला एक ओळ. आधी तारेचा क्रमांक, मग गाव, मग त्या केंद्राचा पत्ता, शेवटी वेग. ओळीच्या सुरुवातीला दोन आडव्या, दोन उभ्या रेघांची खूण टाकली की यंत्र ती ओळ वाचत नाही, ओलांडून जातं. आणि खुणेच्या पुढे माणसानं माणसासाठी हवं ते लिहावं. यंत्राला त्याचं काही नाही.

"बदल केला की कारण लिहायचंच," तो म्हणाला. "माझ्या मागं दुसरा कुणी आला तर त्याला कळाय पायजे." मग बोट उगारून म्हणाला, "आणि ही फाइल यंत्र फक्त उठताना वाचतंय. मधी कितीबी बदल करा, त्याला पत्ता नसतोय."

त्या दिवशी तो मला आवडला होता. हे लपवलं तर मी खोटी ठरेन.

त्या उन्हाळ्यात अणदूरच्या सोसायटीची निवडणूक झाली. गावातले लहान शेतकरी आणि बौद्ध वस्ती एकत्र आली आणि त्यांनी आमच्या अध्यक्षांचा माणूस पाडला. एका सोमवारी अध्यक्ष थंड खोलीत गेले. दोन मिनिटांत बाहेर आले. मंगळवारी अणदूरची मागणी आली, ट्रक गेला. बुधवारीही गेला. गुरुवारी भर दुपारी दोन तास वीज गेली. वीज आल्यावर त्यानं यंत्र उठवलं. शुक्रवारच्या यादीत अणदूर नव्हतं.

सगळ्यांनी विजेला शिव्या दिल्या. अणदूरच्या कारकुनानं फोन केला, "पडद्यावर कायच येईना." त्याला सांगितलं, तार तपासतोय. त्यानं एसटीच्या कंडक्टरबरोबर कागदी मागणी पाठवली. नियमाप्रमाणे ती परत गेली. असे नऊ दिवस.

दहाव्या दिवशी सोजरबाई आल्या. अणदूरच्या बौद्ध वस्तीतल्या, साठीच्या. घरात एक म्हैस, तिच्या दुधावर चूल. एसटीनं आल्या होत्या, चपला हातात घेऊनच थंड खोलीत शिरल्या. मी यादी घ्यायला तिथंच उभी होते.

"साहेब, कडबा कवा येणार? म्हस बसलीय. दोन दिस झाले, उठंना."

तळहात वर. बोटं चालली. हिरवी अक्षरं. तळहात खाली.

"मावशी, अणदूरची मागणीच न्हाय. यंत्राला दिसतच न्हाय अणदूर."

"यंत्राला न्हाय दिसत, व्हय?" त्या दोन पावलं पुढे आल्या. "तुला दिसती का मी, बाबा? का तुलाबी वीज लागती?"

पडद्याकडेच बघत तो मला म्हणाला, "बाई, मावशीस्नी पाणी द्या."

"पानी नगं," सोजरबाई म्हणाल्या. "पानी हितं हाय, ते दिसतंयच मला." आणि गेल्या.

तो डबा खायला गेला तेव्हा मी त्याच्या खुर्चीत बसले आणि त्यानंच शिकवल्याप्रमाणे फाइल उघडली. येडशी होतं. जळकोट होतं. अणदूरच्या ओळीच्या सुरुवातीला ती खूण होती. तिच्यापुढे त्या सोमवारची तारीख, वेळ, आणि रोमन अक्षरांत मराठी: "अध्यक्षांनी तोंडी सांगितले. कारण सांगितले नाही."

मी ते छापून घेतलं. तो परतला तेव्हा कागद त्याच्यापुढे धरला.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"लिहावं लागतंय," तो म्हणाला. "बदल केला व्हता ना."

"गाव उपाशी मारलंत आणि वर नोंद केलीत?"

"म्या काय मारलं? एक खूण केली, बाई. ओळ पुसली न्हाय म्या. बघा, सगळी जशीच्या तशी हाय."

वाचकहो, ही जात ओळखून ठेवा. हे लोक काही पुसत नाहीत. खोटं लिहीत नाहीत. सांगितलेली खूण सांगितलेल्या जागी करतात, नीट अक्षरात करतात, आणि मान ताठ ठेवून डबा खायला जातात. गुंडाशी भांडता येतं. या स्वच्छ हातांच्या माणसांशी कसं भांडायचं, हे मी वाचलेल्या कुठल्याच चळवळीच्या पत्रकानं शिकवलं नव्हतं.

मी त्याच्यादेखत ती खूण खोडली, फाइल जपून ठेवली आणि भिंतीवरच्या बटनाकडे गेले. यंत्र पुन्हा उठल्याशिवाय फाइल वाचणार नव्हतं.

"बाई! तसं न्हाय!" तो ओरडला. आवाज चढवलेला मी पहिल्यांदाच ऐकला. "अशी वीज तोडली तर आतली माहितीची तबकडी खराब हुईल. सरका."

मला वाटलं, हाकलतोय. पण तो खुर्चीत बसला. जळकोटला आणि येडशीला फोन करून सांगितलं, पाच मिनिटं काम थांबवा. मग एकेक आज्ञा देत, आजाऱ्याला निजवावं तसं त्यानं यंत्र निजवलं. थोडं थांबून पुन्हा उठवलं. त्याच्या कानशिलावरून घाम ओघळत होता, त्या गारव्यात. तीन तारांच्या तीन दिव्यांपैकी तिसरा दिवा लागला. अणदूर. अर्ध्या तासात नऊ दिवसांची मागणी एकदम आली. यादी छापून निघाली तेव्हा तो म्हणाला, "आता अध्यक्ष इचारतील." आणि फाइल उघडून एक ओळ लिहिली: "खूण काढली." पुढे स्वतःचं नाव घातलं. माझं नाही.

ट्रक दुसऱ्या सकाळी अणदूरला पोचला. सोजरबाईंची म्हैस पहाटेच गेली होती. त्यांच्या वाट्याच्या पेंढ्या त्यांनी शेजारणीच्या दारात टाकल्या आणि त्या घरात निघून गेल्या, असं कारकुनानं सांगितलं. संघाच्या दुधाच्या नोंदीतून त्यांचं नाव पुढच्या महिन्यात गेलं.

मी पत्रक काढलं. छापलेली ओळ जशीच्या तशी घातली, अध्यक्षांचं आणि त्याचं, दोघांची नावं घातली. अध्यक्षांचं काही झालं नाही. ते आजही अध्यक्ष आहेत. मला काढलं, ते अपेक्षितच होतं. त्याला आधी कडब्याच्या डेपोवर पाठवलं, मग तो जिल्हा सोडून गेला. कुठं, ते कुणी सांगत नाही. त्याचा राग माझ्या मनातून गेलेला नाही. पण त्याचं नाव मी दुसऱ्यांदा छापणार नाही.

त्याच्या जागी आलेल्या माणसाची तारीफ सगळे करतात. त्यानं पहिल्याच आठवड्यात फाइल साफ केली म्हणे. सगळ्या नोंदी काढून टाकल्या. आता नुसत्या ओळी आहेत, कुठं खुणा आहेत, पण कुणी केली, कुणाच्या सांगण्यावरून केली, याचं एक अक्षर नाही.

म्हणून सभासदांनो, एक करा. येत्या सोमवारी दोघंतिघं मिळून आपल्या संघाच्या कचेरीत जा. ती फाइल कागदावर छापून मागा. सभासद म्हणून तो तुमचा हक्क आहे. जी ओळ बंद असेल तिच्यापुढे बंद करणाऱ्याचं नाव आणि कारण तुमच्यासमोर लिहून घ्या, आणि ते लिहिल्याशिवाय तिथून उठू नका.