व्हेकन्सीचा अर्थ

दोरासाठी भिजवलेल्या घायपाताचा कुबट वास आला की मला खुटबावचं आमचं अंगण आठवतं. बहात्तरच्या दुष्काळात विहीर आटली आणि दौंडला रेल्वेत खलाशी घेणार आहेत, असं माझ्या वडिलांच्या, आबांच्या, कानावर आलं. तिथले साहेब इंग्रजीत बोलतात म्हणून ते दोर वळता वळता माझ्या पाचवीच्या पुस्तकातले शब्द पाठ करू लागले. वॉटर म्हणजे पाणी, फायर म्हणजे विस्तव. चुकले की मी गुरुजींसारखी डाफरायचे आणि ते निमूटपणे पुन्हा म्हणायचे. एके दिवशी धुतलेलं धोतर नेसून ते दौंडला गेले आणि संध्याकाळी धुळीनं भरून परतले. "पाठ केल्यालं एक बी इचारलं न्हाई. साहेब 'नो व्हेकन्सी' एवढंच म्हनला. नो म्हंजी न्हाई, ते मला ठावं हाय. व्हेकन्सी म्हंजी कसला तरी दाखला आसंल, त्यो माझ्याकडं न्हाई. तलाठ्याकडं मिळतो का, गुरुजींला इचार." दुसऱ्या दिवशी गुरुजींनी मला अर्थ सांगितला. घरी आले, तर आबा तलाठ्याकडे निघायच्या तयारीत टोपी घालून उंबऱ्यात उभे. "आबा, व्हेकन्सी म्हंजी रिकामी जागा," मी म्हणाले. टोपी काढून खुंटीला अडकवत ते म्हणाले, "लिहून ठिव वहीत." मी लिहिलं. पुढच्या सोमवारपासून मी त्यांच्याबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागले आणि शाळा सुटली ती सुटलीच. आता नात तिच्या पुस्तकातले शब्द मला विचारते, तेव्हा वॉटर येतं, फायर येतं, आणि व्हेकन्सीपाशी माझं इंग्रजी संपतं.