जे जे खाकी

"उलटं करून बघा, उलटं!" असं म्हणत आमचे गणिताचे मास्तर तळहात पालथा करायचे. समोर पोर असो की कचेरीतला पेशकार, त्यांना फरक पडत नसे. परभणीच्या सरकारी शाळेत मी मराठी शिकवायचो, ते हिसाब. पण हिसाब कसला! त्यांचा सगळा जीव मंतिकात, म्हणजे तर्कशास्त्रात.

एकदा बाजारात बोरंवाली म्हणाली, "मास्तर, गोड बोरं समदी लालच असत्यात."

झालं! तळहात पालथा. "मावशी, गोड ती लाल, कबूल. म्हणून लाल ती समदी गोड का?"

"घ्यायची तर घ्या, न्हाई तर वाट सोडा. गिऱ्हाईक खोळंबलंय."

मास्तरांनी घेतली आणि चाखत सुटले. एक लालभडक बोर आंबट निघालं तसे माझ्याकडे वळले. "बघा. खोटं पाडायला एक पुरतं." आंबट बोर खाऊन एवढा खूश झालेला माणूस तुम्ही पाहिलाय का? मी तर नाही.

वर्गात शिकवायचे, "हरेक पोराला बाप एकच. पण एका बापाला पोरं कितीबी. ही जोडी उलटी लावली की बिघडली." हे ऐकून शेजारून हेडमास्तर धावत आले. "मास्टरसाब, बापां कू बीच में नक्को लाओ!"

मग निजामाचं राज्य गेलं. जाण्याआधी निजामाच्या बाजूनं लढणाऱ्या, खाकी घातलेल्या टोळ्यांनी गावंच्या गावं जाळली होती, माणसं मारली होती. लोकांच्या पोटात आग होती आणि ती खोटी नव्हती, हे मी आधीच सांगून ठेवतो.

एके दिवशी भर दुपारी स्टेशनच्या रस्त्यावर जमावानं एकाला धरलं. पूर्णा स्टेशनावर रुळांचे सांधे बदलणारा सांधेवाला, मुसलमान, अंगात रेल्वेनं दिलेला खाकी कोट. "त्यातलाच हाय! खाकी बघा की!" असं ओरडत होता मास्तरांचाच लाडका विद्यार्थी, आता मोंढ्यात धान्याचा अडत्या. त्याच्या हातात दगड होता.

मी मास्तरांचा सदरा धरला. "अहो, ही शाळा नव्हे." त्यांनी हिसडा दिला आणि गर्दीत शिरले.

"अरे, ते समदे खाकी घालायचे, कबूल. म्हणून खाकी घालील तो समदा त्यातला का?"

"गुरुजी, बाजूला व्हा. माजा भाऊ मारलाय त्यांनी."

"ठाऊक हाय रे मला. पण ह्यानं मारलाय का?"

कोण ऐकतो! तेव्हा या माणसानं काय करावं? सांधेवाल्याचा कोट उतरवला आणि सरळ आपल्या अंगात चढवला. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंगायताचं लिंग आणि वर तो ढगळ खाकी कोट.

"आता सांगा," मास्तर म्हणाले, "मी कोण?"

गर्दीतला एक म्हातारा फिस्सकन हसला. मलाही वाटलं, जिंकलं गड्यानं. तेवढ्यात सांधेवाला मागच्या मागं रुळांकडे पळाला.

आणि दगड आला.

कानशिलावर बसला. मास्तर आधी खाली बसले, मग आडवे झाले. अहो, मला कळेचना काय झालं ते. मी त्यांना "उठा, उठा" म्हणत राहिलो. दवाखाना गाठेपर्यंत सगळं संपलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांना माती देऊन आम्ही घरी परतलो, तर तो अडत्या दारात उभा. मास्तरांच्या बायकोनंच विचारलं, "तुला वळखू आलं नव्हतं का रे?"

"आलं होतं, काकू," तो म्हणाला. "गुरुजीच हायत, हे दिसायलं होतं मला. पण खाकी बी दिसायली होती."

याला उत्तर देईल असं त्या घरात आता कुणी नव्हतं.