उंची बघून घेतलेला बैल

हसणार नाही असं आधी कबूल करा, तरच सांगतो. नाहीतर चहा प्या आणि उठा. कारण हा गाढवपणा मी पूर्ण शुद्धीत, भर बाजारात, चारचौघांसमोर केलाय. अजूनही दिंद्रुडला सासुरवाडीत गेलो की लोक मला बघून आधी वर आभाळाकडे बघतात आणि मग तोंडावर रुमाल धरतात. वर का बघतात? तेच तर सांगायचंय!

मला बास्केटबॉलचं वेड. आमच्या युसूफ वडगावात क्रिकेटवाले ढीगभर, कबड्डीवाले त्याहून जास्त, बास्केटबॉलवाला मी एकटा. उंची सहा फूट दोन इंच. कॉलेजच्या टीममध्ये होतो. म्हणजे बाकावर होतो. पण बाकावरून खेळ जेवढा दिसतो तेवढा मैदानातल्यालाही दिसत नाही, हे माझं ठाम मत आहे.

अमेरिकेतले रात्रीचे सामने आपल्याकडे सकाळी लागतात. माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान. ते उघडायच्या आधी मी भीमाच्या हॉटेलात साखरेच्या डब्याला फोन टेकवून बसायचो. माझ्या आवडत्या संघात एक सव्वासात फुटी खेळाडू होता. त्याचं नाव हॉटेलात कुणालाच घेता येईना, म्हणून सगळ्यांनी मिळून त्याचं बारसं केलं, लांब्या!

आता या लांब्याचं नशीब बघा. संघानं चार चांगली पोरं देऊन त्याला आणला आणि तो आल्या दिवसापासून संघ हरायला लागला. बाकीचे धावून पलीकडे पोचायचे तेव्हा हा अर्ध्या वाटेत. तिकडचे जाणकार बोंबलत होते, याचं कुणाबरोबर जमत नाही, काढा याला. मी मात्र हटायला तयार नाही.

“भीमा, नेम शिकवता येतो, दम वाढवता येतो. पण उंची? उंची कुठल्या बाजारात मिळते का?”

“मिळत न्हाई,” भीमा चहा गाळत म्हणायचा. “पर मालक, त्यो हारतोय की सारका.”

“तो नाही हरत बे! त्याच्या सोबतचे बुटके हरतात.”

असं माझं ज्ञान वाहत होतं. त्यात एक दिवस घोटाळा झाला. समोरच्या संघातल्या एका पोराकडे बघून मी सहज म्हणालो, हा उजव्या पायावर भार देत नाही, आठ दिवसांत बसणार. आणि तो पाचव्या दिवशीच बसला! गुडघ्याला पट्टा बांधून, कुबड्या घेऊन. हॉटेलात माझ्या नावानं जिलबी वाटायची तेवढी राहिली.

पुढच्याच आठवड्यात रस्त्यानं एक बैल चालला होता. मी ऐटीत म्हणालो, “मागचा डावा. संध्याकाळपर्यंत लंगडणार.” लंगडला! खरं सांगू? त्याची नाल निखळायला आलेली मला सकाळीच दिसली होती. पण हे मी कुणाला सांगितलं नाही. कशाला सांगू? लोक वाकून रामराम घालायला लागले होते.

ही कीर्ती दिंद्रुडला माझ्या सासऱ्यांपर्यंत गेली. आमच्याकडे सासऱ्याला मामा म्हणतात. मामांची बैलजोडी गावात मानाची. पोळ्याच्या दिवशी वेशीत आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात, बैलांची मंगलाष्टकं होतात, मग तोरण तोडतात आणि त्याखालून पहिली मामांची जोडी मारुतीकडे जाते. आज्या-पणज्यापासून हेच. त्याला आमच्याकडे पोळा फुटला म्हणतात. पण त्या वर्षी जोडीतला एक बैल म्हातारा होऊन बसला आणि एकटा नंद्या उरला. जोडी नसेल तर मान मामांच्या चुलतभावाला, तात्याला जाणार. तात्या त्याचीच वाट बघत होता.

मामांचा फोन आला. “पाव्हणं, जरा बाजारला येता का? नंद्याला जोड बगायचीय. तुमाला पायाचं लई कळतंय म्हणं.”

त्या क्षणी माणसानं काय म्हणावं? ‘मामा, मी मोटारी बांधतो, मला बैलातलं ओ की ठो कळत नाही.’ एवढंच म्हणायचं होतं. पण जावई आणि तेवढं बोलणार? मी म्हणालो, “येतो की. मामा, काळजी सोडा!”

बाजारात मामा आणि मेव्हणा बाळू एकेका बैलाचे दात बघत, खांदा चाचपत, कासरा धरून चालवून बघत चालले होते. मी मागे हात बांधून, भुवया आवळून. आणि मग तो दिसला. पांढराशुभ्र, काटक, इतर बैलांच्या वर मान निघालेली. मी जागीच थबकलो. लांब्या!

बाजूच्या गंजीतून मी कडब्याचं एक लांब धाट उपसलं आणि हात डोक्यावर पूर्ण ताणून धरला. विचार करा, माझा हात, तोही वर केलेला! बैलानं मान लांब केली, पुढचे दोन पाय समोरच्या मातीच्या उंचवट्यावर चढवले आणि टोक अलगद काढून घेतलं.

“बघा! झेप बघा!” मी ओरडलो. “मामा, हाच!”

मामांनी बैलाकडे बघितलं, मग जमिनीकडे, मग पुन्हा बैलाकडे. “उंच हाय, पाव्हणं.”

“उंचीच तर बघायची असते!”

बाळू हळूच म्हणाला, “दाजी, पर आपला नंद्या तर याच्या...”

“बाळ्या!” मामांनी डोळे वटारून त्याला गप्प केलं. मला वाटलं, वा, काय विश्वास आहे! छाती अजून दोन इंच वर आली. बैल घेतला. नाव अर्थातच लांब्या.

दुसऱ्या दिवशी दोघांच्या मानेवर जू ठेवलं. आता डोळ्यांसमोर आणा. एकीकडे नंद्या, बसकट, गुटगुटीत. दुसरीकडे लांब्या. जू असं तिरकं झालं की त्यावर पोरांनी घसरगुंडी खेळावी. लांब्याचं एक पाऊल तर नंद्याची दोन. गाडी सरळ जाईचना, तुळशीवृंदावनाला प्रदक्षिणा घातल्यासारखी गोल गोल फिरायला लागली.

बाळूचा फोन. “दाजी, गाडी तिसऱ्यांदा घरीच आलीय. कावून असं करतोय ह्यो?”

“पहिला हंगाम असाच जातो,” मी म्हणालो. “नव्या खेळाडूला जमवून घ्यायला वेळ लागतो. नंद्याला सांगा, जरा पळ.”

“नंद्याला सांगू?”

“म्हणजे पळवा त्याला!”

बायको बाजूलाच भाजी निवडत होती. सुनंदा माझ्या कोपराला लागते, पण तिला माझ्यापेक्षा लांबचं दिसतं. “तुमी आयुष्यात एकदा तरी जनावराला पाणी पाजलंय का?” तिनं विचारलं. मी फोनला चार्जिंग नसल्याचं कारण काढून दुकानात गेलो.

पोळ्याला आम्ही दिंद्रुडला पोचलो. लांब्याला काय सजवला होता! शिंगांना बेगड, पाठीवर झूल, कपाळाला बाशिंग. झूल त्याला आखूड पडली होती ते सोडा. नंद्या शेजारी उभा, त्याचा चेहरा मला आवडला नाही. वेशीत अख्खं गाव. पुढे मामांची मानाची जोडी, अगदी तोरणाखाली. मागे तात्याची जोडी आणि मग सगळ्या गावाची. मी फेटा बांधून मामांच्या शेजारी. बघणारे म्हणत होते, “बैल पाव्हण्यानं निवडलाय!” मी मान हलवून कबुली देत होतो.

मंगलाष्टकं सुरू झाली. पहिलं झालं. दुसरं चालू झालं आणि लांब्यानं वर बघितलं.

तुम्हाला कळलं ना? मला तेव्हा कळलं नाही. मी अक्षता टाकत होतो.

हिरवीगार, लुसलुशीत आंब्याची पानं, बरोबर डोक्यावर. बाकी कुठल्याच बैलाच्या आवाक्यातलं काम नव्हतं ते. पण हा तर आम्ही मुद्दाम परीक्षा घेऊन आणलेला! लांब्यानं मान ताणली, पुढचे पाय वेशीच्या पायरीवर चढवले आणि मधोमध तोंड घातलं. मामांनी कासरा ओढला. लांब्यानं तोरण ओढलं. काडकन दोर तुटला आणि सगळं तोरण खाली!

आता हलगीवाल्याचा काय दोष? तोरण पडलं की वाजवायचं, एवढंच त्याला ठाऊक. त्यानं हलगीवर टिपरू हाणलं. मागच्यांना वाटलं, पोळा फुटला! सगळ्यांनी कासरे ढिले सोडले. सगळ्या गावाचे बैल एकदम उधळले. मंगलाष्टकं म्हणणारा माणूस ‘सावधान’ म्हणत म्हणत ओट्यावर चढला, आणि ते सावधान पहिल्यांदाच सगळ्यांनी मनावर घेतलं. माझा फेटा कुणाच्या शिंगावर गेला ते आजतागायत कळलेलं नाही.

धुरळा बसला तेव्हा तोरणाखाली लांब्या शांतपणे पानं चघळत होता आणि नंद्या त्याच्या पोटाखालून बाहेर बघत होता. तात्याची जोडी मारुतीला प्रदक्षिणा घालून मोकळी झाली होती.

“परत बांधा तोरण!” मी ओरडलो. “हे मोजायचं नाही! मंगलाष्टकं अर्धीच झालीत!”

“पाव्हणं,” तात्या लांबून म्हणाला, “पानं आना की मग. तुमच्या बैलाच्या पोटातून काडा.”

अख्खी वेस हसली. मामांनी लांब्याच्या शिंगात अडकलेला दोर सोडवला, त्याची पाठ पुसली आणि दोन्ही कासरे धरून घराकडे निघाले. मागून चालताना मला फार वाईट वाटलं. खरंच वाटलं. आज्या-पणज्याचा मान माझ्या एका मतापायी गेला होता.

घरी पुरणपोळी वाढली. मी पहिलाच घास ताटात फिरवत बसलो. शेवटी मी म्हणालो, “मामा, चुकलं माझं. पण एक सांगा, जोड जमत नाही हे तुम्हाला बाजारातच दिसलं नव्हतं का?”

“दिसलं व्हतं की.”

“मग बोलला का नाहीत?”

“चार मान्सांत जावयाचा शबूद कसा मोडू?”

बाळू ताटात बघून हसतोय, हे मला न बघता दिसत होतं. मीच म्हणालो, “विकून टाका त्याला. मी स्वतः बाजारात घेऊन जातो.”

मामांनी पोळीवर तुपाची धार धरली आणि ते शांतपणे म्हणाले, “ऱ्हाऊ द्या, पाव्हणं. धा वर्सांखाली आमी बी निस्ती उंची बगूनच एक या घरात आणलाय. त्यालाबी कुटं अजून काडून टाकलाय?”

सुनंदानं माझ्या ताटात आणखी एक पोळी वाढली.