समुद्र होता, जहाज नव्हते

नाटक पाहून आल्यावर त्याच्याविषयी बोलावे कसे, हे मला फार लवकर जमले आणि तिथेच माझा घात झाला. फणसवाडीत आमच्या चाळीपुढे एक लांब ओटा होता. रविवारी सकाळी तिथे पाच-सहा जण चहा घेऊन बसत, आणि नवे नाटक लागले असले की ते पाहावे की पाहू नये याचा निकाल माझ्याकडे मागितला जाई. "तू सांग रे, मग आम्ही जातो," असे म्हणत. मी दिवसभर कोट भागातल्या एका कचेरीत साहेबाची पत्रे नकलून काढणारा कारकून. तिथे माझे मत पंखा ओढणारासुद्धा विचारीत नसे. त्यामुळे ओट्यावर कुणी "तू सांग" म्हटले की अंगावर मूठभर मांस चढे. कुठल्या नटाची लकब, कुठल्या पदाला किती वेळा पुन्हा म्हणायला लावले, हे मी हातवारे करून सांगे. थोडे तिखटमीठ लागतच असे. नाटकाच्या बाबतीत त्याने कुणाचे काही बिघडत नव्हते.

त्या पावसाळ्यात मुंबईत जिवंत चित्रे आली. विलायतेहून कुणी यंत्र आणले आहे, त्यात पांढऱ्या पडद्यावर माणसे चालतात, घोडे धावतात, अशी कचेरीत एकच चर्चा. माझ्या वरच्या कारकुनाला सर्दी झाली आणि त्याचे तिकीट माझ्याकडे आले. मी कोट चढवून गेलो. बसायला जागा मिळाली ती एका खांबाच्या आड, पण मान वाकडी करून मी सगळे पाहिले. एक रस्ता, त्यावर गाड्या आणि टोप्या घातलेली माणसे. एक झाड, त्याची पाने हलत होती. मग समुद्र. लाटा येत होत्या आणि फुटत होत्या, आवाज मात्र नव्हता. आणखी दोन-तीन चित्रे झाली आणि दिवे लागले. सगळे इतक्या लवकर आटोपले की बाहेर आल्यावर मी थोडा खट्टूच झालो.

रविवारी मी ओट्यावर जे पाहिले ते जसेच्या तसे सांगितले. इतके खरे मी आयुष्यात क्वचितच बोललो असेन. त्याचा काही उपयोग झाला नाही. शेजारचे पेन्शनर मास्तर म्हणाले, "पाने हलतात? अरे, मग समोर पिंपळ आहे की. फुकट हलतो." सगळे हसले. समुद्राचे सांगितले तर दुसरा म्हणाला, "चौपाटीला जा, लाटा भिजवतील पण." मला मोठा अपमान वाटला. पुढच्या रविवारी खालच्या मजल्यावरच्या लोकांना सांगताना मी रस्त्यावर एक घोडा उधळवला. त्याच्या पुढच्या रविवारी ओट्यावर, आधी सांगायचे राहिले असे म्हणून, समुद्रात जहाज आणले. जहाज धक्क्याला लागते, शिडी सोडतात, खलाशी भराभरा उतरतात, आणि त्यातला एक काळासावळा, आपल्याकडचा दिसणारा, आपल्याकडे पाहून हसतो आणि डोक्याच्या फडक्याने तोंड पुसतो. हे तोंड पुसणे मला ऐनवेळी सुचले आणि फार आवडले. मास्तरसुद्धा पुढे सरकून ऐकू लागले. "हे पाहिलेच पाहिजे," असा निकाल मी दिला.

आमच्या वाडीत निम्मी घरे मासे खाणारी होती. त्या घरांना एक म्हातारी कोळीण मासे पुरवी. पावसाळ्यात होड्या बंद असल्यामुळे ती सुके बोंबील आणि सुकट आणी. तिला सगळे मावशी म्हणत. देणेघेणे झाले की ती पाटीजवळ उभी राहून "हात लावा गो कोनी" अशी हाक मारी, आणि कुणी बाई पुढे होऊन पाटी तिच्या डोक्यावर चढवून देई. मी जवळ असलो तर मला नेमके काही काम आठवे. कचेरीच्या कपड्यांना वास लागेल, हे कारण मी स्वतःला सांगत असे.

त्या रविवारी मावशी पाटी खाली ठेवून आमच्या पायरीशी बसली होती. माझे संपल्यावर ती उठून ओट्यापाशी आली. "दादा, ता जहाज खरा हाय का चितरातला?"

"खरेच, मावशी. विलायतेच्या धक्क्यावर काढलेले. तिथे घडले तेच इथे दिसते."

"आनि त्यो हसला त्याचे कानात बाली व्हती का? उजवे कानात?"

तिचा एकुलता एक मुलगा आगबोटीवर खलाशी म्हणून गेला होता, हे वाडीत सगळ्यांना ठाऊक होते. पहिल्या वर्षी त्याने कुणाबरोबर निरोप धाडला होता. त्यानंतर दोन वर्षे काही नाही. मी ते विसरलो होतो असे म्हणण्याचीही सोय नाही. "आपल्याकडचा दिसणारा" हे शब्द मला कुठून सुचले असतील, याचा विचार मी पुढे पुष्कळ केला.

ओट्यावर सगळे माझ्याकडे पाहत होते. त्या क्षणी "मावशी, जहाज मी आपले जोडले" एवढे म्हणालो असतो तर फार तर महिनाभर माझी टर उडाली असती. मी म्हणालो, "बाळी होती खरी. चमकली."

मावशीने दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. मग पाटी तिथेच टाकून ती निघून गेली. बोंबलांवर माशा बसू नयेत म्हणून माझ्या बायकोने वर ओले फडके टाकले.

त्यामागे काय होते ते मला बायकोकडून दोन दिवसांनी कळले. मावशीची सून जेमतेम एकोणीस-वीस वर्षांची होती. नवऱ्याचा पत्ता नाही म्हणून तिचा पाट लावायचे ठरत आले होते. विधवेला किंवा नवरा परागंदा झालेल्या बाईला दुसरा घरोबा करून देतात तो पाट, त्यांच्यात त्यात कमीपणा नाही. माहीमचा एक विधुर, स्वतःची होडी असलेला, तिला करायला तयार होता. कोळीवाड्याच्या पाटलाने मावशीची समजूत घातली होती आणि नारळी पौर्णिमा झाली की पाट लागणार होता. आता मावशी पाटलाकडे जाऊन सांगून आली होती की माझा पोर जिता आहे, वाडीतल्या शिकलेल्या दादाने त्याला डोळ्यांनी पाहिला. पाटलाने बोलणी थांबवली.

बायको म्हणाली, "बरे झाले तुम्ही पाहिलेत. नाहीतर केवढा घोळ झाला असता." मी ताटावरून उठलो. भूक नाही असे सांगितले आणि ते खरे होते.

कोळीवाड्यात जाऊन पाटलाला गाठावे असे मी रोज ठरवी. चौपाटीपर्यंत दोनदा गेलोही. तिथे होड्यांना नवा रंग देणे चालले होते आणि कुणी माझ्याकडे लक्ष दिले नाही, त्याचाच आधार घेऊन मी परत आलो. मनाला एक पळवाट सापडली होती. बाळी घालणारे खलाशी हजार असतील. हसला तो हिचाच मुलगा असे मी कुठे म्हणालो? अशा वकिलीत मी हुशार होतो.

मग मावशीने स्वतः चित्रे पाहायला जायचे ठरवले. तोवर चित्रे एका मोठ्या थिएटरात दाखवू लागले होते आणि मागची बाके गरिबांना परवडत. "दादा, तुमी येवा आमचेसंगती, मना दाखवा कुठला ता," असे तिने विनवले. मी कचेरीत काम फार असल्याचे सांगितले. वर असेही म्हणालो की चित्रे रोज तीच नसतात, बदलतात. खोटे उघडे पडायच्या आधीच त्याला ठिगळ लावून ठेवले. मावशी सुनेला घेऊन गेली.

दुसऱ्या सकाळी ती येणार म्हणून मी अर्धा तास लवकर कचेरीला निघालो, तर ती वाडीच्या तोंडाशीच भेटली. मी छत्री तोंडापुढे धरली. ती मात्र हसत होती.

"दादा, मना काय धड दिसला नाय. डोल्यांत पानीच आला. पन सुनेनं बगितला. जहाज आला, त्यो उतरला, हसला. बालीपन बगितली तिनं. तुमी बोललंव तसाच!"

मी तिथेच उभा राहिलो. काय वाटले ते लिहायला आजही लाज वाटते: मला सुटल्यासारखे वाटले. कदाचित खरेच नवे चित्र आले असेल, असे मी स्वतःला समजावले. विलायतेत धक्के आहेत, जहाजे आहेत, खलाशी आहेत, मग चित्र का नसेल? एक तिकीट काढून खात्री करता आली असती. ती मी केली नाही. उलट पुढच्या रविवारी ओट्यावर ऐटीत म्हणालो, "कोळणीच्या सुनेलाही पटले. मी सांगतो ते उगीच नसते."

नारळी पौर्णिमेला कोळीवाड्याने समुद्राला नारळ वाहिला, होड्या बाहेर पडल्या. माहीमच्या विधुराने त्याच महिन्यात दुसरीकडे पाट लावला.

त्यानंतर शहरात गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, आला. आमची अर्धी चाळ गावाला निघून गेली. आम्हीही कोकणात जाऊन राहिलो आणि परत आलो तेव्हा मावशी त्या तापात गेलेली होती. ओट्यावरचे मास्तरही गेले. मासे घेऊन आता सून येऊ लागली. अंगाने बारीक, बोलणे कमी, तराजू न लावता हाताने वाटे घालणारी. माझ्या बायकोशी ती दोन शब्द बोले. माझ्याशी नाही, आणि मीही ती आली की आत जाऊन बसे.

पुढे पुन्हा कुणी चित्रांचे यंत्र घेऊन आला, मैदानात तंबू ठोकून. मी गेलो. का गेलो ते तेव्हा मला धड कळत नव्हते. एका चित्रात खरोखरच बंदर आले आणि मी पुढच्या माणसाच्या खांद्यावर हात टेकून उठलो. शिडीवरून उतरणाऱ्या प्रत्येकाच्या उजव्या कानाकडे मी पाहत होतो. ज्याला मी कधी पाहिलेच नव्हते त्याला शोधीत होतो. माणसे ओरडली तेव्हा खाली बसलो.

दुसऱ्या दिवशी मावशीची सून आली तेव्हा बायको विहिरीवर होती. ओटा रिकामा होता, कारण बसणारे उरले नव्हते. मी तिच्यापुढे जाऊन उभा राहिलो आणि सांगून टाकले. ते जहाज नव्हते, तो खलाशी नव्हता, बाळी नव्हती, सगळे मी लोकांत शोभावे म्हणून रचले होते. तिने बोंबील निवडायचे थांबवले नाही.

"मना ठाव हाय," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"त्याच दिशी. मीपन व्हतीच ना थेटरात. माजे डोले चांगले हायेत." तिने एक बोंबील बाजूला टाकला. "समुंदर व्हता, जहाज नव्हता."

"मग तू हो का म्हणालीस? तुझा पाट..."

"म्हातारी माजा हात धरून बसलेली. आता येल, आता येल, बोलत व्हती. दिवे लागले तवा तिनं माजे तोंडाकडे बगितला." तिने वाट्यासाठी पान पुढे ओढले. "तुमाला नाय बोलता आला, दादा, चार मानसांत बसून. मना कसा बोलता येनार?"

मला माफी मागायची होती. रविवारच्या रविवार ज्या तोंडाची मी एवढी मिजास केली, ते तोंड त्या दिवशी अगदी निकामी झाले. बरे, माफी तरी कशाची मागणार होतो? खोटे माझे होते, पण ते निभावले तिने, आणि त्याचे मोल तिच्या संसाराने भरले. मी फार तर एक-दोन वेळा जेवलो नव्हतो.

तिने वाटा पानात बांधून पायरीवर ठेवला, फडके झटकले आणि डोक्यावर चुंबळ बसवली. मग सासूसारखीच इकडेतिकडे पाहिले. वाडीत दुसरे कुणी नव्हते.

"हात लावा," ती म्हणाली.

मी कचेरीच्या कपड्यांत होतो. वाकलो, पाटीच्या दोन्ही कडा धरल्या आणि उचलून तिच्या डोक्यावर चढवून दिली. ती पाटी इतकी जड असते, हे मला तोवर माहीत नव्हते.