इंद्रभानला माहितीसाठी

आमच्या अमडापुरात वामनरावांइतका सरळ माणूस नव्हता, आणि त्यांच्याइतका डोकं उठवणाराही नव्हता. चिखलीच्या कचेरीत त्यांनी हयात काढली. तेवढ्या काळात वऱ्हाड मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेलं, मुंबई राज्याचं महाराष्ट्र झालं, इंग्रजी जाऊन मराठी आली. वामनरावांच्या मते या सगळ्या उलथापालथीत टिकलं ते एकच, कागदाचा माथा. वर जावक क्रमांक आणि तारीख, मग प्रेषक, मग प्रति, मग विषय, मग संदर्भ. खालचा मजकूर काय, कोणीही लिहील, असं ते म्हणत.

पेन्शनीत आल्यावर ही शिस्त त्यांनी गावाला लावायला घेतली. मी त्यांचा शेजारी, मधली भिंत कमरेएवढी. माझी बकरी त्यांच्या वांग्यांत शिरली, तर हाक मारायची सोडून त्यांनी मला पत्र पाठवलं. विषय : बकरी. संदर्भ : मागील बकरी. अगदी तळाला, प्रतिलिपी : पोलीस पाटील, माहितीसाठी. मी तणतणत पाटलाकडे गेलो. तो शांतपणे म्हणाला, की वर प्रतिमध्ये ज्याचं नाव त्यानं काय ते करायचं. खाली माहितीसाठी असलेल्यानं वाचून खुंटीला लावायचं. त्यानं लावलंही होतं.

बकरीपुरतं हे सोसलं. पण बासष्टच्या उन्हाळ्यात त्यांच्या पोरीचं, सिंधूचं, लग्न ठरलं. वामनरावांची बायको अंबूबाई, त्यांचं माहेर जळगाव जामोदचं. त्यांना इंद्रभान हा एकच भाऊ, तिकडे एका ग्रामपंचायतीत सेक्रेटरी. अंबूबाईंनी नवऱ्याला बजावलं, की बाकी कोणाला लिहा न लिहा, इंद्रभानला आधी लिहा. बोहल्यावर पोरीच्या मागे मामा उभा पाहिजे. वामनरावांनी विचार केला, त्या घरात वडीलधारे म्हणजे काका भाऊराव. त्यांना कानानं ऐकू येत नव्हतं आणि डोळ्यांनी दिसत नव्हतं, पण वरिष्ठाला डावलून कनिष्ठाला थेट लिहिणं शिस्तीत बसत नाही. तेव्हा प्रति : भाऊराव. आणि तळाला, प्रतिलिपी : इंद्रभान, माहितीसाठी.

लग्न परवावर आलं. सगळे पाहुणे आले, इंद्रभान आला नाही. अंबूबाई दिवसभर एस.टी.च्या वाटेकडे पाहत राहिल्या, संध्याकाळी नवऱ्याकडे पाहिलं. वामनराव म्हणाले, कागद गेलेला आहे, जावक क्रमांक आहे. अंबूबाईंनी ठेवलेली नक्कल मागवली आणि मला वाचायला लावली. मी वाचली, शेवटच्या ओळीसकट.

"मायच्या पोटचा एकच भाऊ, अन् त्याले माहितीसाठी?" अंबूबाई म्हणाल्या. "आता पोरीच्या मांगं काय तुमचा जावक क्रमांक उभा राहीन?"

त्या आत गेल्या आणि ताटावर बसल्याच नाहीत. मला त्यांचं फार वाईट वाटलं. वामनरावांना मात्र दोन ठेवून द्याव्यात असं वाटलं.

सकाळी आम्ही दोघं निघालो. मला त्यांनी साक्षीदार म्हणून घेतलं होतं. खामगावला बस बदलली. वामनराव गुडघ्यावर कागद धरून मसुदा करत होते. प्रति लिहून व्हायचं, विषयापाशी पेन्सिल अडायची. जळगाव आलं तरी विषय कोराच होता.

इंद्रभान ओट्यावर बसला होता. त्यानं पाणी दिलं, चहाचं विचारलं नाही. तोही कागदातलाच माणूस. पत्र त्याला बरोब्बर कळलं होतं, आणि तेच त्याला लागलं होतं.

"भाऊजी, तुमचं पत्र भेटलं," तो म्हणाला. "माहिती घेतली."

वामनरावांचा हात खिशातल्या कागदाकडे गेला आणि तिथेच राहिला. मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. इतक्या वर्षांत त्यांना बोडकं मी पहिल्यांदा पाहत होतो.

"इंद्रभान, चाल. तुही बहीण कालपासून जेवली नाही."

इंद्रभाननं पाण्याचा तांब्या बाजूला सरकवला.

"हे कोणाले सांगून राह्यले तुमी? काकाले का मले?"

"तुले."

"अन् प्रतिलिपी?"

"कोणालेच नाही."

तो उठून आत गेला आणि लगेच पेटी घेऊन बाहेर आला. त्यानं झाकण उघडलं. पेटी आधीच भरलेली होती. वर भाचीसाठी घेतलेलं पिवळं लुगडं होतं, आणि घडीला झाकणाचा गंज लागू नये म्हणून वामनरावांचं पत्र पसरून ठेवलेलं होतं.